किनाऱ्याचं जेवण

"दगड कुठून आणू? पोटातून काढू?"

लोडरच्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळत ढकल्या ओरडला. वारा असा सुटला होता की ओरडल्याशिवाय समोरच्याच्या कानात शब्द शिरत नव्हता. पण खरं सांगायचं तर वारा नसता तरी तो ओरडलाच असता.

खाली ओल्या वाळूत मॅडम उभ्या होत्या. किनाऱ्याच्या इंजिनियर. कालपासून त्यांनी पाठ टेकली नव्हती; डोळे लाल, बुटांत पाणी, आणि फोनवर ज्याला त्याला तोच प्रश्न विचारून आवाज पार बसलेला.

"खाणीचे ट्रक निघाले होते," त्या म्हणाल्या. "पण पूल खचलाय. परवाशिवाय काही येत नाही."

"परवा? परवा येऊन काय करणार, विहिरीत गळ टाकून बसणार?"

मॅडम हसल्या नाहीत. हसण्यासारखं काही नव्हतंच. पंपघरासमोरच्या दगडी बांधाला कालच्या वादळाने मधोमध खिंडार पाडलं होतं. त्यातून घुसलेलं पाणी पंपघराला वळसा घालून थेट मागच्या विहिरींच्या कठड्यापर्यंत गेलं होतं आणि कुणाच्या तरी पुण्याईने तिथूनच मागे फिरलं होतं. अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणी त्या विहिरींचं. घराघरांतले नळ, शाळा, दवाखाना, सगळं तिथूनच. एकदा का त्यांत खारं पाणी उतरलं की विहिरी गेल्याच म्हणायच्या. त्या पुन्हा गोड व्हायला वर्षं लागतात, आणि तोवर माणसं काय पिणार? आणि आज संध्याकाळची भरती कालच्यापेक्षा मोठी होती. तिच्या मागून दुसरं वादळ येत होतं.

"वाळू ढकलतो की," ढकल्या जरा नरमला. "खिंडारात वाळूचा डोंगर घालतो. हाय काय नि नाय काय."

"आजच्या लाटेपुढे वाळू टिकायची नाही. तुम्हालाही माहिती आहे."  मॅडम त्याच्याकडे न बघता, समुद्राकडे बघत म्हणाल्या, "दगड आहेत. शेवटच्या गल्लीसमोर."

 ढकल्या हळूच खाली उतरला. लोडरच्या पायरीवरून त्याचा पाय सटकला, तसा तो कधी सटकत नसे.

"ती भिंत आहे," तो म्हणाला.

"हो."

"तिच्यामागे घरं आहेत, मॅडम."

"माणसं शाळेत हलवलीयत. घरं रिकामी आहेत."

"माझी ताई हललेली नाही."

"माहितीय मला." मॅडमनी तोंडावरून हात फिरवला. "हे बघा, मी हुकूम देत नाहीये. दुसरा ड्रायव्हर नाही, दुसरा लोडर नाही. तुम्ही नाही म्हणालात तर दगड होते हे मी कुणाला सांगणार नाही. दगड मिळाले नाहीत, एवढंच सांगेन. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही."

हे तर फारच वाईट झालं. हुकूम असता तर त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

आता ह्या माणसाला ढकल्या का म्हणतात ते सांगायला हवं. त्याचं दुसरं काही नाव असेलही, पण ते पगाराच्या दिवसापुरतं. जन्मभर त्याने वाळू ढकलली. समुद्राची खोड अशी की तो ह्या टोकाची वाळू उचलून त्या टोकाला नेऊन टाकतो. ढकल्याची नोकरी अशी की त्या टोकाची वाळू परत ह्या टोकाला आणायची. तो लोडरचं पुढचं सूप, म्हणजे एक बकेट, भरून आणणार, समुद्र रातोरात दोन नेणार. दोघांपैकी कुणीच रजा घेत नसे. कचेरीच्या कागदावर ह्या कामाला 'वाळूचे पुनर्भरण' असं म्हणतात; पण ते म्हणताना कामगारांची जीभ वळायची नाही, म्हणून त्यांनी आपला सुटसुटीत शब्द काढला होता: किनाऱ्याला जेवण घालणं. बकेटभर वाळू म्हणजे एक घास. "आज किती घास झाले?" "अजून भूक आहे रे त्या कोपऱ्याला, घाल दोन."

ताईने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती हसून हसून लोळायची बाकी राहिली होती. कारण लहानपणी ढकल्या जेवायला महा कटकट्या. आई लवकर गेली, वडील सदा बोटीवर. ह्याला वाढवलं ते ताईने, शिवणाच्या मशीनवर बसून. एका हाताने चाक थांबवायचं, दुसऱ्या हाताने ह्याच्या तोंडात घास कोंबायचा. "आ कर. हा शेवटचा. अरे हा खरंच शेवटचा!" शेवटचे असे पाच-सहा घास व्हायचे. मिशी फुटेपर्यंत तुला भरवलंय, असं ती अजूनही चारचौघांत सांगायची आणि ढकल्या लाजेने अर्धा व्हायचा. त्यामुळे हाच माणूस उठून किनाऱ्याला भरवायला लागला ह्याची तिला भारी गंमत. तेव्हापासून रोज संध्याकाळी तो तिच्या दारावरून जाताना ती आतूनच विचारायची, "काय रे, जेवला का तुझा किनारा?" आणि तो म्हणायचा, "जेवला. आता झोपलाय. तू दार लावून घे."

शेवटच्या गल्लीचं शेवटचं घर तिचं. दोन खोल्या आणि पुढे शिवणकामाची पडवी. एकेक खोली तिने शिवून शिवून उभी केली होती. गावातल्या सगळ्या पोरांचे शाळेचे कपडे तिच्या हातचे. काही वर्षांपूर्वीच्या वादळात तिच्या घराचा समुद्राकडचा कोपरा खालून पोकळ झाला. तेव्हा ढकल्याने सुट्टीच्या दिवसांत, तेव्हाच्या साहेबांनी डोळेझाक केली म्हणून, फुटक्या जुन्या धक्क्याचे दगड लोडरने आणून गल्लीसमोर भिंत रचली. अख्खी गल्ली मदतीला होती. कोण दोर धरतोय, कोण ओरडतोय, कोण नुसताच सल्ले देतोय. आणि सगळ्यांत मोठा सपाट दगड त्याने ताईच्या घराच्या त्या पोकळ कोपऱ्याखाली असा सारला की अर्धा आत, अर्धा बाहेर. आतला अर्धा घर पेलायचा आणि बाहेरच्या अर्ध्यावर संध्याकाळी ताई बसायची, काजबटणं करत.

ह्या भिंतीचा एक घोटाळा होता. मॅडम नव्या आल्या तेव्हा त्यांनी तो पहिल्याच फेरीत सांगितला होता. भिंतीवर आपटलेली लाट परत जाताना पायथ्याची वाळू ओरबाडून नेते. ढकल्याने वाद घातला नव्हता. कारण त्याला ते दिसतच होतं. भिंत उभी राहिल्यापासून गल्लीसमोरची वाळू हटत हटत गेली, पोरं जिथे खेळायची तिथे गुडघाभर पाणी आलं. त्याने रचलेली भिंत त्याचाच किनारा खात होती. मग तो काय करायचा? दुसऱ्या टोकाचे चार घास जास्तीचे आणून भिंतीच्या पायथ्याशी टाकायचा आणि गप्प बसायचा.

"ती भिंत आज ना उद्या जाणारच आहे," मॅडम म्हणाल्या.

"आज आणि उद्या ह्यात फरक असतो, मॅडम," ढकल्या म्हणाला, आणि लोडरमध्ये चढला.

ताई पडवीत उभी होती. केस वाऱ्याने विस्कटलेले, हातात केरसुणी. काल आत आलेलं पाणी ती बाहेर लोटत होती, आणि पावसाची सर आली की ते परत आत येत होतं.

"ये रे," ती म्हणाली. "बघ, समुद्र पाहुणा आला होता. चपला न काढता."

"ताई, शाळेत चल."

"हे सांगायला लोडर घेऊन आलास?"

ढकल्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सांगायचं कसं, हे वाटेत शंभर वेळा घोकलं होतं, त्यातला एक शब्द आता सापडेना. मग त्याने सगळं भसकन सांगून टाकलं: पंपघर, खिंडार, पूल, विहिरी. ताईने सगळं ऐकलं. केरसुणी भिंतीला टेकवली.

"विचारायला आलास की सांगायला?"

"ताई..."

"मी काय विचारतेय? विचारायला की सांगायला?"

"सांगायला," ढकल्या म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

ताईचा चेहरा असा झाला की त्याला वाटलं, आता ही आपल्याला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. "मग झालं ना सांगून," ती म्हणाली. "माझ्याकडे काय बघतोस? उचल! तूच आणलेस, तूच ने. माझं काय, भरती ओळखीचीच आहे ना माझ्या, माझं ऐकेल ती! जन्मभर गावाच्या पोरांच्या अंगावर कपडे घातले मी, आता गावाला पाणीही मीच पाजते. जा ना. उभा का राहिलास?"

"माझ्याकडे राहायला चल. तुझी भावजय म्हणतेय, जागा करू."

"मशीन कुठे ठेवशील माझं? तुमच्या पलंगावर?" आणि तिने आत जाऊन दार लावून घेतलं. ओल्या लाकडाचं दार धड लागेना, तर तिने ते आतून लाथ मारून लावलं.

पहिला दगड उचलायला त्याला फार वेळ लागला. दगड जड होता म्हणून नव्हे. लोडरच्या दांड्यावरचा हातच हलेना. शेवटी डोळे मिटून त्याने दांडा ओढला आणि दगड सुटला, तेव्हा भिंत खचल्याचा आवाज त्याला इंजिनाच्या घरघरीतही ऐकू आला.

ओहोटी चालू होती, तोवर किनाऱ्यावरूनच जाता येत होतं. एक मोठा दगड घ्यायचा, नाहीतर दोन मध्यम. पंपघराशी न्यायचा, मॅडम हात करतील तिथे ठेवायचा, परत. जाताना बकेट भरलेली आणि येताना मोकळी. जन्मभर त्याने हेच केलं होतं, पण ह्या टोकाचं काढून त्या टोकाला नेणं हे समुद्राचं काम होतं. आज तो समुद्राच्याच कामाला लागला होता.

कितव्या तरी फेरीला तो परत आला आणि बकेट जमिनीला टेकवली, तर समोरून शेजारचे रेडिओवाले काका धावत आले. गावातले सगळे बिघडलेले रेडिओ, टीव्ही, पंखे दुरुस्त करणारा हा वाळकुडा म्हातारा. शाळेतून पळून आलेला. त्याने बकेटवर एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि आत जाऊन चक्क मांडी घालून बसला.

"काका, उतरा."

"नाही उतरत. मला उचल. मला नेऊन टाक त्या खिंडारात. दगडाऐवजी मी चालतो का बघ तुझ्या मॅडमना!"

"काका, वेळ नाहीये हो."

"तूच रचलंस ना रे हे? मी दोर धरला होता. ह्या हातांनी धरला होता. हे बघ!" त्याने दोन्ही तळवे पुढे केले. त्यांवर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती सोलपटलेली कातडी आणि सोल्डरचे जुने डाग. "दोन घरं उरलीयत रे गल्लीत. दोनच. पंपघराला सगळं गाव आहे, आम्हाला कोण आहे?"

ढकल्याने इंजिन बंद केलं. उतरून तो बकेटच्या काठावर काकांशेजारी बसला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, की विहिरी तुमच्याही आहेत, की पाणी तुम्हीही पिता. पण बोलायला तोंड उघडलं आणि त्याला हुंदकाच फुटला. मोठा माणूस, पांढऱ्या मिशांचा, लहान पोरासारखा बकेटमध्ये तोंड घालून रडायला लागला. काका घाबरलेच. त्यांना भांडायचं होतं. हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

"अरे, अरे," ते म्हणाले. "असं नाही करायचं. ऊठ. भरती यायची नाहीतर." आणि स्वतःच धडपडत खाली उतरले. मग हळू आवाजात, "तुझी ताई आत काय करतेय ते बघ जाऊन आधी."

ढकल्याने खिडकीतून बघितलं. ताई मशीनवर बसली होती. खाली पाय पाण्यात, पण पॅडल चालूच. पलंगावरच्या चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, शिवून तयार ठेवलेल्या शाळेच्या चड्ड्या, जे हाताला लागेल ते घेऊन ती त्याच्या पिशव्या शिवत होती. शिवलेली पिशवी मागे टाकायची, दुसरी घ्यायची. मान वर करत नव्हती. गेल्या दोन वादळांत पालिकेच्या वाळूच्या पोत्यांची तोंडं तिनेच शिवली होती. तोंड शिवताना तीन वेळा टाका फिरवायचा आणि ते तोंड कधी समुद्राकडे करून पोतं ठेवायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण ती पोती जाडजूड, माणसाच्या उंचीची. आणि ह्या फुलाफुलांच्या उशा.

"ताई, कशाला गं," तो खिडकीतून म्हणाला. 

"तू तुझं काम कर, मी माझं करते."

"चादरीने समुद्र थांबतो का?"

"मग काय करू?" ती ओरडली. मशीन थांबलं. "बसून बघू? तू दगड नेशील, आणि मी हात जोडून बघत बसू? काहीतरी करू दे मला! काहीतरी करू दे रे!"

 तो परत लोडरवर चढला. पुढच्या फेरीहून आला, तेव्हा जिथून दगड काढला होता तिथे एक पिशवी ठेवलेली होती. निळ्या पडद्याची, वाळूने भरलेली, तोंड घराकडे. त्याच्या पुढच्या फेरीला दोन. काका फावड्याने वाळू भरत होते, ताई तोंडं शिवत होती, आणि दोघं मिळून पिशव्या ओढत नेत होती. तो दगड काढत गेला तसतशी त्याच्या मागून चादरींची भिंत उभी राहत गेली. एकदा तर त्याने बकेटने एक पिशवी चुकून चिरली, आणि ताईने दगडासारखा चेहरा करून ती परत आत शिवायला नेली.

दुपार कलली तशी लाट जवळ आली. ओहोटी उलटली होती. आता किनाऱ्यावरून जाताना चाकांना पाणी लागत होतं. सगळी भिंत उचलून झाली. राहिला फक्त ताईच्या कोपऱ्याखालचा तो सपाट दगड. सकाळपासून ढकल्या त्याच्याकडे बघायचंही टाळत होता. 'तो नको,' असं त्याने मनाशी ठरवलं होतं, आणि समुद्राने तरी एवढं ऐकावं असं त्याला वाटत होतं. कोपरा टिकला तर घर टिकेल. दारं-खिडक्या जातील, पडवी जाईल, पण छप्पर राहील. छप्पर राहिलं की बाकी सगळं परत करता येतं.

शेवटचे दोन दगड घेऊन तो पंपघराशी पोचला. मॅडम कंबरभर पाण्यात उतरून, दोरीला धरून हात करत होत्या. त्याने एक ठेवला, दुसरा ठेवला. मॅडमनी हात वर केला आणि तो तसाच राहिला.

खिंडार बुजलं होतं. पण मधोमध, खालच्या अंगाला, एक भोक राहिलं होतं. आडवं, दोन माणसं झोपतील एवढं. प्रत्येक लाटेला त्यातून पाणी आत जात होतं आणि परत येताना मागची वाळू घेऊन येत होतं. ढकल्याला पुढचं सांगायला नको होतं. त्या भोकातून आतलं सगळं निघून जाईल, वरचे दगड खाली बसतील, आणि सगळं मुसळ केरात.

"सपाट हवा," मॅडम म्हणाल्या. "मोठा."

"पोती घालतो."

"टिकली असती तर मी सकाळीच घातली असती."

"लोडर घालतो. लोडरच उभा करतो तिथे. कचेरीला सांगा, माझ्या पगारातून कापा, फासावर द्या मला..."

"लोडर उलटेल, आणि उलटताना बांध घेऊन जाईल." मॅडमचा आवाज एकदम फुटला. "मी सगळा विचार केलाय हो. तुम्हाला वाटतं मी केला नाही? दवाखान्याच्या टाक्यांत उद्यापुरतंच पाणी आहे. दुसरा कुठला दगड असता तर मी स्वतः पाठीवर आणला असता. मला कुठला दगड आहे ते दिसतंय, तुम्हालाही दिसतंय, आणि मी ते तोंडाने म्हणणार नाही. मला म्हणवत नाही."

एक लाट आली आणि भोकातून आत गेली. आतून विहिरीच्या कठड्यावर पाणी आपटल्याचा चपराक मारल्यासारखा आवाज आला.

ढकल्या किनाऱ्यावरून गेलाच नाही, पाणी चढलं होतं. मागच्या गल्लीतून, घरांच्या कुंपणांना घासत, त्याने लोडर नेला. रस्त्यात कुणी नव्हतं. दिवस असून दिवे लावावेत असं अंधारलं होतं. त्याच्या मनात सारखं येत होतं, इंजिन बंद पडावं. सबंध आयुष्यात हे इंजिन नको तेव्हा हजारदा बंद पडलं होतं. आज मात्र घड्याळासारखं चालत होतं.

रेडिओवाल्या काकांना शाळेतले लोक येऊन घेऊन गेले होते. त्यांच्या घराचं दार उघडं, आत पाणी. ताईच्या घरासमोर चादरींची भिंत होती. पहिल्या लाटांनीच तिचं एक टोक विस्कटून टाकलं होतं, आणि एक पिवळा अभ्रा पाण्यावर वरखाली होत होता. पडवीच्या दारात शिवणाचं मशीन आणून ठेवलेलं, त्यावर प्लास्टिक बांधलेलं. आणि कोपऱ्याच्या दगडावर, रोज बसायची तशी, ताई बसली होती. दगडाच्या बाहेरच्या अंगाला तिने उरलेल्या वाळूच्या उशा ओळीने लावल्या होत्या. बोटांना सुई टोचून टोचून रक्त आलेलं, ती बोटं तिने ओंजळीत धरली होती. पाणी तिच्या पायांपर्यंत येत होतं आणि जात होतं.

ढकल्याने इंजिन बंद केलं.  तो तिथेच, दाराशी, दांड्याला धरून बसून राहिला. सांगायला आलोय हे त्याला सांगता येईना, आणि विचारता तर अजिबात येईना.

ताईने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं नाही. मग बघितलं. त्याचे भिजलेले कपडे, चिखलाने माखलेली मिशी, रिकामी बकेट. सकाळपासून तो काही जेवला नव्हता, हेही तिला दिसलंच असणार, तिला नेहमीच दिसायचं.

"काय रे," ती म्हणाली, "जेवला का तुझा किनारा?"

ढकल्याने मान हलवली. नाही.

"किती राहिलंय?"

 "एक घास, ताई."

ताईने मागे वळून घराकडे बघितलं. कोपऱ्याकडे, छपराकडे, आणि परत त्याच्याकडे. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. कपड्यांची वाळू झटकली. आणि वाकून, दगडाला लावलेल्या त्या उशा एकेक करून बाजूला काढायला लागली, त्याच्या बकेटला वाट व्हावी म्हणून.